तिसऱ्या दिवशीचा रक्ताचा आकडा नातेवाइकांना सांगावा का?

रामबागकर:
माझे काका सकाळी इथे इंदुरात नेहरू पार्कात फिरताना कोसळले. सोबतच्यांनी रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबणं थांबवलं नाही, हृदय पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी आयसीयूच्या दाराशी एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट हातात ठेवला. एनएसई, म्हणजे मेंदूला किती इजा झाली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ८२. "साठच्या वर गेलं की मेंदू सावरत नाही," एवढं बोलून ते आत गेले. काकू भिंतीला धरून खालीच बसल्या. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत 'नमुना हिमोलाइज्ड' (म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या) असं छापलं होतं. ते त्यांच्या नजरेला पडलं नाही, मलाही घरी आल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढलं, आकडा ३१. आठव्या दिवशी काका डोळे उघडून काकूंचा हात चाचपत होते. माझं स्पष्ट मत: हा आकडा घरच्यांना सांगूच नये.

सुदामानगरहून:
दादा, काका परत आले, फार बरं वाटलं. पण 'सांगूच नये' हे मला मान्य नाही. माझे यजमान २६ दिवस व्हेंटिलेटरवर होते. रोज विचारलं की एकच उत्तर, "बघू या." मुलाची फी, सासऱ्यांची पेन्शन, माझ्या पाटल्या, सगळं त्यात गेलं. रोज संध्याकाळी मी त्यांच्या तळपायाला तेल चोळायचे आणि अंगठा हलतो का ते बघत बसायचे. अशी काही तपासणी असते हे मला ते गेल्यावर कळलं. वाईट तर वाईट, पण कळलं असतं तर नणंदबाईंना पुण्याहून वेळेत बोलावलं असतं. त्यांची भेट राहून गेली.

लॅबवाला:
काकांच्या बाबतीत चूक आकड्याची नाही, नमुन्याची आहे. एनएसई हे मेंदूच्या पेशींतलं एन्झाइम. पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं. पण तेच तांबड्या पेशींतही असतं. बारीक सुईनं जोरात ओढलं, ट्यूब हलवली, उन्हात स्कूटरवरून आणली, की तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा चढतो. नमुना यंत्रात फिरवल्यावर वर राहणारं पाणी, म्हणजे सीरम, पिवळसर दिसायला हवं. गुलाबी दिसलं तर मी परत पाठवतो, मग समोरून कितीही बोलणी बसोत. आणि या तपासणीचा मोठा गुण कुणी सांगत नाही: झोपेच्या औषधानं हातपाय, श्वास, ईईजी (मेंदूचा विद्युत आलेख) सगळं मंदावतं, या आकड्याला मात्र त्या औषधाचा फरक पडत नाही. म्हणून ती हवीच.

एमडी, लोकमान्यनगर:
हवीच, पण एकटी नाही. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमची रेषा आहे, तीही ४८ किंवा ७२ तासांच्या नमुन्याला. शिवाय ७२ तास उलटूनही रुग्ण बेशुद्ध असेल आणि आणखी किमान एक वाईट खूण असेल, तरच. बुबुळं आणि डोळ्याच्या पापण्या दोन्ही बाजूंनी प्रतिसाद देत नाहीत, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचत नाही, ईईजी किंवा सीटी फार बिघडलंय, अशा खुणा. न्यूरोफिलामेंट लाइट या मज्जापेशींतल्या दुसऱ्या एका प्रथिनाची २०१९ मध्ये मोठ्या चाचणीतल्या रुग्णांवर तपासणी झाली. ते एनएसईपेक्षा नेमकं ठरलं, पण रोजच्या लॅबमध्ये अजून सहज होत नाही.
मला भीती वेगळीच आहे. आकडा वाईट म्हणून उपचार सैल केले, रुग्ण गेला, आणि मग आपणच म्हणायचं, 'बघा, आकडा खरा होता!' तो खरा होता की आपण खरा केला, हे कधीच कळत नाही.

सुदामानगरहून:
डॉक्टरसाहेब, मी उपचार थांबवा म्हणतच नाहीये. ते ठरवायला सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या निकालात वैद्यकीय मंडळांची वाट घालून दिली आहे, २०२३ मध्ये ती जरा सोपीही केली. मी फक्त माहिती मागते आहे. घर माझं, माणूस माझा, आणि रिपोर्ट तुमच्या फाइलीत?

रामबागकर:
ताई, 'सांगूच नये' हे मी मागे घेतो. पण दाराशी उभ्या-उभ्या नको. काकूंना खुर्ची द्या, दुसरा नमुना येऊ द्या, ईईजी काय म्हणतो ते सोबत सांगा. काकू अजूनही रात्री दोनदा उठून काकांचा श्वास चालू आहे का ते बघतात. ८२ हा आकडा त्यांना पाठ आहे, ३१ आठवत नाही.

लॅबवाला:
मी आजपासून 'हिमोलाइज्ड' हा शेरा आकड्याच्या वर, ठळक छापणार. मालकांशी बोललो आहे.

सुदामानगरहून:
आणि हिंदीतही छापा, भाऊ. आयसीयूबाहेर बसलेल्या सगळ्यांना इंग्रजी येत नाही.