टाइट एंड म्हणून मोठा कोण : ग्रॉन्कोव्स्की की गोन्झालेझ?

मूळ लेख

अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंड आघाडीच्या फळीच्या टोकाला उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन आपल्या गड्यासाठी वाट मोकळी करणे आणि वेळ येताच पुढे पळून चेंडू झेलणे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. या जागेवर सर्वश्रेष्ठ कोण, असे विचारले की बहुतेक जण टोनी गोन्झालेझचे नाव घेतात, कारण त्याच्या खात्यावर १,३२५ झेल आणि त्यांतून मिळवलेले १५,१२७ यार्ड आहेत. माझ्या मते हा मान ९,२८६ यार्डांवर थांबलेल्या रॉब ग्रॉन्कोव्स्कीचा आहे. झेलांच्या हिशेबात या जागेचे अर्धेच काम मोजले जाते. उरलेले अर्धे, म्हणजे गड्यासाठी वाट मोकळी करण्याचे ब्लॉकिंग, त्याने ज्या ताकदीने केले ते आकड्यांत कुठेच उतरत नाही.

झेलांपुरते बोलायचे तरी फेब्रुवारी २०१९ चा अटलांटातील सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना आठवावा. चौथ्या सत्रात ३-३ अशी बरोबरी असताना न्यू इंग्लंड संघातला त्याचा सहकारी टॉम ब्रेडीचा पास त्याने प्रतिस्पर्धी रॅम्सच्या बचावपटूंच्या गराड्यात झेलला आणि २९ यार्ड मिळवून चेंडू गोलरेषेपासून दोन यार्डांवर आणून ठेवला. पुढच्याच खेळीत सहकारी सोनी मिशेलने चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन सामन्यातला एकमेव टचडाउन केला.

प्रतिसाद १

झेल अप्रतिम होता, पण निष्कर्ष मान्य नाही. खेळाडूचा पहिला गुण मैदानावर हजर असणे हा आहे. गोन्झालेझ १९९७ पासून १७ हंगामांत २७२ पैकी २७० सामने खेळला, तर न्यू इंग्लंडच्या नऊ हंगामांत ग्रॉन्कोव्स्की १४४ पैकी ११५ सामने खेळला. २०१६ च्या हंगामातले विजेतेपद तर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो बाहेर असतानाच संघाने मिळवले. त्याला बहुतेक काळ ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू लाभला; गोन्झालेझला कॅन्सस सिटीत कितीतरी वेळा नव्या माणसाशी जुळवून घ्यावे लागले.

प्रतिसाद २ (मूळ लेखक)

ग्रॉन्कोव्स्कीचे सामने का हुकले, हेही पाहायला हवे. नोव्हेंबर २०१२ मध्ये कोल्ट्सविरुद्ध ५८-२४ अशी आघाडी असताना, टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किकसाठी तो फळीत ब्लॉकिंग करत उभा होता आणि तिथेच त्याचा हात मोडला. निकाल ठरलेल्या सामन्यातही जो हे कष्टाचे काम टाळत नाही, त्याच्या दुखापतीला उणेपणा म्हणणे मला पटत नाही. शिवाय त्याने संपूर्ण कारकिर्दीत १४३ सामन्यांत ९२ टचडाउन झेलले, गोन्झालेझने २७० सामन्यांत १११.

प्रतिसाद ३

तो हात मोडला याचे मलाही वाईट वाटले होते, पण असा सामना जिंकलेला असताना त्याला तिथे उभे करणे ही प्रशिक्षकांची चूक होती. त्यावरून श्रेष्ठत्व ठरत नाही.

या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. गोन्झालेझ विद्यापीठात बास्केटबॉलही खेळला होता आणि उंच उडी मारून, बचावपटूला पाठीशी धरून चेंडू घेण्याची तिथली सवय त्याने या खेळात आणली. २००४ मध्ये एका हंगामात १०२ झेल घेऊन त्याने दाखवून दिले की टाइट एंड हा संघाच्या पासिंगचा मुख्य आधार होऊ शकतो. त्याच बास्केटबॉलच्या वाटेने पुढे अँटोनियो गेट्स आणि जिमी ग्रॅहम हे टाइट एंड आले. ग्रॉन्कोव्स्कीला २०१० मध्ये जी जागा मिळाली, ती आधी कोणीतरी मोठी करून ठेवली होती.

प्रतिसाद ४ (मूळ लेखक)

जागा गोन्झालेझने मोठी केली, हे मी मनापासून मान्य करतो. मात्र तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, एक यार्ड हवा असेल आणि चेंडू धावणाऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर फळीच्या टोकाला मला ग्रॉन्कोव्स्कीच हवा.

प्रतिसाद ५

आणि मला आठ यार्ड हवे असतील तर गोन्झालेझ. जानेवारी २०१३ मध्ये सीहॉक्सविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याचा तेव्हाचा संघ अटलांटा एका गुणाने मागे होता. तेव्हा छत्तिशीतल्या गोन्झालेझने १९ यार्डांचा झेल घेतला आणि मॅट ब्रायंटच्या तीन गुणांच्या किकने सामना ३०-२८ असा जिंकला. सोळाव्या हंगामातला तो गोन्झालेझचा प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीतला, पहिला विजय होता.