मदत हवी आहे: बागकामाच्या साइटवर माणसांची सुरक्षा आणि कामाचा दर्जा कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सोसायट्यांच्या बागा करून देतो, देखभालही घेतो. अकरा माणसं, तीन साइट. मी एका वेळी एकाच ठिकाणी असतो, अडचण तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात एका साइटवर ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) चालू होता. गवत गुडघाभर, त्यात बांधकामाची खडी. ती आधी वेचायला हवी होती, वेचली नाही. एक खडा उडून चालवणाऱ्या पोराच्या गालाला लागला, डोळ्याच्या बोटभर खाली. तीन टाके पडले. तोंडावर लावायचा जाळीचा व्हायझर टेम्पोच्या आरशाला लटकत होता. विचारलं तर म्हणे, "घाम येतो दादा, नीट दिसत नाही." दुसरा माणूस दोन पावलांवर गवत गोळा करत होता. मशीनच्या पुस्तिकेत १५ मीटरच्या आत कुणी नको असं लिहिलेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच साइटवर दोन महिन्यांपूर्वी लावलेली तगर पिवळी पडली होती. एक रोप उपटलं तर मुळांवरची नर्सरीची काळी पिशवी तशीच! बुडाला फक्त एक चीर, आणि मुळं आतल्या आत गोल फिरलेली. ४० पैकी २६ रोपं अशी निघाली. सगळी माझ्या खर्चाने बदलून दिली.

मुकादम काका बाबांच्या वेळेपासूनचे. लॉनची लेव्हल ते नुसत्या नजरेने काढतात, आणि त्यांच्या हाताला गुण आहे. पण पोरं त्यांचं बघूनच शिकतात, आणि काका स्वतः डब्यावर पिवळा त्रिकोण असलेलं फवारणीचं औषध उघड्या हाताने कालवतात. लाल त्रिकोणाच्या खालोखाल विषारी ते! २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेही सांगून पाहिलं. "इतकी वर्षं काही झालं नाही," एवढंच उत्तर.

लागवडीची मजुरी मी नगावर देतो. घाई त्यामुळेच होते का? रोजावर गेलो तर काम रेंगाळेल अशी भीती वाटते. आणि काकांना न दुखावता हे कसं सांगू?

प्रतिसाद (नाशिक):
नगावरच ठेवा, पण रिकाम्या पिशव्या मोजून घ्या. ४० रोपं तर ४० पिशव्या, त्याशिवाय हिशेब नाही. आम्ही तीन वर्षं असंच करतोय. शिवाय खड्डा बुजवायच्या आधी चार-पाच रोपांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, कोणती ते तुम्ही सांगायचं. ब्रश कटरवरचा माणूस दर २० मिनिटांनी बदला, म्हणजे व्हायझरची कुरकुर बरीच कमी होते. काकांशी पोरांसमोर बोलू नका. एकट्याला चहाला घेऊन जा आणि पोरांच्या डोळ्यांची जबाबदारी त्यांच्यावरच टाका. आणि माणसांचा विमा नसेल तर तो आधी काढा.

धागाकर्ता:
पिशव्यांचं उद्यापासूनच सुरू करतो, मनापासून आभार. विमा फक्त सहा जणांचा आहे, बाकीच्यांचा याच आठवड्यात काढतो. काकांशी रविवारी बोलेन. फवारणीचं मात्र अजून अडलंय. उन्हाळ्यात हातमोजे आणि मास्क माणसं खरंच घालतील असं कुणी जमवलंय का? कोणत्या प्रकारचे घेता, फवारणी किती वाजता करता, तेही सांगा.