विद्यार्थी समितीच्या अध्यक्षाने बैठकीत स्वतःचं मत मांडावं का?

वहीवाला

विषय आमच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलच्या मेस कमिटीचा आहे, पण गॅदरिंग कमिटी असो की विद्यार्थी परिषद, सगळीकडे हेच चालतं म्हणून इथे मांडतोय.

कमिटीत अकरा जण, अध्यक्ष शेवटच्या वर्षाचा. विषय होता खाड्याचा, म्हणजे मेसमध्ये न जेवलेल्या दिवसांचा. सध्या सलग तीन दिवस खाडा असेल तरच पैसे वळते होतात. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांना त्यातून काहीच मिळत नाही, म्हणून खाडा दोन दिवसांवर आणा अशी मागणी आली. अध्यक्षाने बैठक सुरू केली ती अशी: "माझ्या मते तीन दिवसच बरोबर आहे, दोन दिवस केले तर मेसवाल्याला परवडणार नाही. बोला, कोणाला काय वाटतं?" त्याच्याच बॅचच्या दोघांनी माना डोलावल्या. फर्स्ट इयरवाले वहीत बघत राहिले. विषय संपला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'सर्वानुमते मंजूर'. त्याच रात्री कॉरिडॉरमध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली आणि दोन दिवसांत अर्ज रेक्टर सरांच्या टेबलावर.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अध्यक्षाने आधी सगळ्यांना बोलू द्यावं, स्वतः शेवटी बोलावं, जमलं तर बोलूच नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद 100 प्रमाणे लोकसभेचे अध्यक्षही एरवी मत देत नाहीत. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत देतात. ही शिस्त कॉलेजातच अंगी लागायला हवी.

तंबूतला

पूर्ण असहमत. अकरा पोरांची कमिटी म्हणजे लोकसभा नव्हे. सभाशास्त्राचं जगभर चालणारं पुस्तक म्हणजे रॉबर्ट्स रूल्स, 1876 सालचं. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्यावर एका चर्चमधली सभा चालवायची वेळ आली, तिचा पार गोंधळ उडाला, तेव्हापासून तो या नियमांच्या मागे लागला. इतक्या काटेकोर पुस्तकाच्या आजच्या आवृत्तीतही साधारण डझनभर माणसांच्या समितीला वेगळी मोकळीक आहे: तिथे अध्यक्ष चर्चेत भाग घेऊ शकतो आणि मतही देऊ शकतो.

दुसरं असं की मेसवाल्याबरोबर बसून हिशोब कोणी केला? अध्यक्षानेच. दोन दिवसांचा खाडा दिला की दर शनिवारी निम्मी ताटं कमी होणार, स्वयंपाकी महाराजांचा पगार आणि भाडं तेवढंच राहणार, म्हणजे प्रत्येक ताटामागे दर वाढणार. ज्याला हे माहीत आहे त्यानेच तोंडाला कुलूप लावून बसायचं? आमच्या गॅदरिंग कमिटीला असा 'तटस्थ' अध्यक्ष लाभला होता. प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच, "तुम्ही सांगाल तसं." संध्याकाळी सुरू झालेली बैठक मेस बंद व्हायची वेळ झाली तरी संपली नव्हती आणि मांडववाल्याला हो म्हणायचं की नाही एवढंही ठरलं नव्हतं. बोलणाऱ्या अध्यक्षाला निदान अडवता तरी येतं.

भरतीओहोटी

दादा, तुम्ही माहिती आणि मत एकाच पिशवीत भरताय. ताटांचा हिशोब ही माहिती झाली. ती अध्यक्षाने द्यायलाच हवी, तीही लेखी, बैठकीच्या आधी. 'म्हणून तीन दिवसच बरोबर' हे झालं मत. ते थांबू शकतं.

सीनियरने आधी तोंड उघडलं की ज्युनियर गप्प बसतो, हे लष्कराने कधीच ओळखलंय. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून होते. जिथे वरिष्ठाचा हुकूम पाळणं हीच नोकरी, तिथेसुद्धा ही काळजी घ्यावी लागते. मग ज्या हॉस्टेलात सीनियरच्या शब्दावर पोरं रात्री बाराला चहा आणायला जातात, तिथे फर्स्ट इयरचा मुलगा अध्यक्षाचं मत ऐकल्यावर उलटं बोलेल? आमच्या मुलींच्या हॉस्टेलात आम्ही फर्स्ट इयरपासून सुरुवात करायला लागलो तेव्हा कुठे गरम पाण्याच्या वेळेचा प्रश्न कमिटीत आला. तोवर तो आम्हाला माहीतच नव्हता, कारण थर्ड इयरच्या मजल्यावर गीझर नीट चालत होता.

तंबूतला

ताई, लष्कराचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे प्रत्येकाला मत द्यावंच लागतं. इथे पहिलं नाव घेतलं की पोरगा "पास" म्हणतो आणि बाकीचेही त्याच्या मागून "पास, पास" करत सुटतात. जबाबदारी बोलणाऱ्याचीही असते. तुम्ही प्रतिनिधी म्हणून आलात ना? मग बोला. सगळं अध्यक्षावर का ढकलायचं?

खिडकीजवळ

मी फर्स्ट इयरचाच प्रतिनिधी आहे, कॉलेज वेगळं, पण खाड्याचा वाद आमच्याकडेही झाला. "पास" मीही म्हणालो होतो, आणि ते घाबरून नव्हे. विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत काढला होता. वर्गातल्या कोणाला विचारलेलंच नव्हतं, मग मी कोणाच्या वतीने बोलणार?

मी गडचिरोलीचा. दिवाळीशिवाय घरी जाणं होत नाही. दोन दिवसांचा खाडा झाला तर ताटाचा वाढलेला दर माझ्यासारख्यांच्या खिशातून जाणार, म्हणजे मी खरं तर अध्यक्षाच्याच बाजूचा. दोन दिवस आधी विषयपत्रिका हातात आली असती तर नंदुरबार, नांदेडकडच्या मुलांशी बोलून मीच ते ठामपणे मांडलं असतं. अध्यक्षाने आपलं मत पुढे दामटल्यामुळे सगळ्यांना वाटलं की सीनियर लोक मेसवाल्याची बाजू घेतात. आमची अडचण कोणाच्या कानावर गेलीच नाही.

वहीवाला

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. लांबच्या मुलांची बाजू आमच्या बैठकीतही कोणी मांडली नाही.

खडूफळा

मी विद्यार्थी परिषदेचं काम पाहणारा शिक्षक. थोडं लांबेल, पण लिहितो.

महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गातल्या गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांची तरतूद परत आली ती 2016 च्या कायद्यात. मधल्या काळात कॉलेजांतल्या कितीतरी अध्यक्षांना मतं मागावी लागली नाहीत आणि विरोध ऐकून घ्यायची वेळही आली नाही. नेमलेल्या अध्यक्षाला मान मिळतो तो सभा कशी चालवतो त्यावरूनच.

'सर्वानुमते' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मी मुलांना सांगतो, ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचा. सूचक कोण, अनुमोदक कोण ते नोंदवा. मग विचारा, "कोणाचा विरोध आहे का?" आणि विचारून थांबा. ताबडतोब "नाही ना? चला पुढे" म्हणू नका. एखाद्याचा विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी जायला हवा. विरोध कागदावर आला की तो माणूस सह्यांची मोहीम काढत नाही, पुढच्या सभेला तयारी करून येतो.

वहीवाल्यांशी एका बाबतीत मी असहमत आहे. अध्यक्षाने बोलूच नये, हे टोकाचं झालं. शेवटी बोलावं, पण बोलावंच. आणि मतं समसमान पडली तर? ब्रिटिश संसदेचे अध्यक्ष डेनिसन यांनी 1867 मध्ये संकेत घालून दिला की निर्णायक मत पुढील चर्चेला वाव राहील असं द्यावं, जिथे बहुमत झालेलंच नाही तिथे अध्यक्षाने ते स्वतःच्या मताने घडवू नये, म्हणजे तोवर आहे तेच चालू राहतं. विद्यार्थी समितीला हा संकेत चांगला लागू पडतो.

भरतीओहोटी

सर, बाकी सगळं मान्य, पण शेवटचं नाही पटत. मेस कमिटीत 'आहे तेच चालू द्या' हे तटस्थ नसतं. जुन्या नियमाचा फायदा कोणाला तरी मिळतच असतो, बहुतेक वेळा कंत्राटदाराला. समसमान मतं पडली तर विषय मिटला असं न म्हणता तारीख देऊन सभा तहकूब करा, आणि तोवर दोन्ही बाजूंनी आपापला हिशोब लेखी आणावा.

तंबूतला

तारीख देऊन तहकूब हे मला चालेल, पण एकदाच. दुसऱ्यांदा अध्यक्षाने निर्णय द्यायचा आणि त्याची जबाबदारी घ्यायची. आणि एक सांगतो, फर्स्ट इयरचा तो गडचिरोलीचा मुलगा जे बोलला ते ऐकून आधी विषयपत्रिका पाठवायची गोष्ट मला पूर्ण पटली. मात्र अध्यक्षाने मत राखून ठेवावं हे मला अजून पटलेलं नाही.

वहीवाला

आमची पुढची बैठक गुरुवारी आहे. खाड्याचा विषय परत घ्यावा म्हणून मी आजच लेखी सूचना देतोय, अनुमोदक मिळाला आहे. मेसवाल्याचा हिशोब आणि वीकेंडला हॉस्टेलात राहणाऱ्या मुलांची यादी नोटीस बोर्डावर लावायला सेक्रेटरी तयार झाला आहे. सुरुवात फर्स्ट इयरपासून करावी ही विनंती अध्यक्षाला आज रात्री भेटून करणार आहे. तो नाही म्हणाला तर तेही इतिवृत्तात नोंदवून घेईन.