आदिम कृष्णविवरं खरी की खोटी, हे ठरणार कशावरून?

रिसोडकर:
दहावीचा गट विज्ञान प्रदर्शनासाठी आदिम कृष्णविवरं घेतोय. महास्फोटानंतर लगेच, ताऱ्यांशिवाय झालेली. हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडली, पण अजून एकही सापडलेलं नाही. मग शहानिशा कशी होणार? शाळेच्या संगणकावर खरा डेटा दाखवता येईल का? नेट मोबाईलचंच आहे.

बुलढाणा_खगोल:
वजनावरून, सर. ताऱ्याचा गाभा सूर्याच्या साधारण १.४ पटींच्या आत असेल तर तो श्वेतबटू, म्हणजे विझलेला छोटा दाट तारा, होऊन थांबतो. त्यामुळे सूर्याहून हलकं कृष्णविवर ताऱ्यातून येऊच शकत नाही. असं एक पक्कं सापडलं की काम झालं. कृमिविवरांपेक्षा (अवकाशातल्या काल्पनिक बोगद्यांपेक्षा) ही कल्पना मला म्हणूनच आवडते, तपासायची सोय तरी आहे.

शोधणं मात्र कटकटीचं. दोन विवरं एकमेकांत जाताना उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातल्या तरंगांच्या, संकेतावरून ती शोधतात. अर्ध्या-अर्ध्या सूर्याएवढी दोन विवरं एकमेकांत जाताना लहरींना ४५ हर्ट्झपासून शेवटपर्यंत सुमारे १०० सेकंद लागतात आणि वारंवारता ४४०० हर्ट्झच्या आसपास चढते. एवढ्या लांब संकेतात वस्तुमान जरा चुकलं तरी गणिती नमुना जुळत नाही, म्हणून नमुने प्रचंड संख्येनं बनवून ताडावे लागतात. ते शाळेच्या संगणकावर होणार नाही.

अकोला_डेटा:
पोरांना १४ सप्टेंबर २०१५ चा गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत द्या. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरवर तो फुकट आहे. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांची ३२ सेकंदांची, ४०९६ हर्ट्झची (सेकंदाला ४०९६ नोंदी) फाईल घ्या. १६३८४ ची घेऊ नका, उगाच डेटा जातो.

पायथॉनमध्ये आधी पूर्ण ३२ सेकंद व्हाइटन करा (सगळ्या वारंवारतांचा गोंगाट एका पातळीवर आणा), मग ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारी चाळणी) लावा, कडेचे दोन-दोन सेकंद फेका आणि शेवटी मधला अर्धा सेकंद कापा. पोरं आधीच कापतात, मग गोंगाटाचा अंदाजच चुकतो. कच्च्या डेटाच्या वारंवारतेच्या आलेखात ६० हर्ट्झला उभी रेघ दिसेल, ती अमेरिकेतल्या विजेची. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेत ती ५० वर येईल. हॅनफर्डचा आलेख उलटा करून ६.९ मिलिसेकंद मागे सरकवा, दोन्ही एकावर एक बसतात. आवाज ऐकवायचा तर वारंवारता ४०० हर्ट्झनं वर न्या, लॅपटॉपच्या स्पीकरला खालचा पट्टा झेपत नाही.

वाशीम_फिजिक्स:
बुलढाणा भाऊंच्या उत्तरात एक भर. हलकी वस्तू दिसली म्हणजे कृष्णविवरच, असं फलकावर लिहू नका. ती न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेल्या ताऱ्याचा अतिदाट गाभा, असू शकते. न्यूट्रॉन तारा जवळ आला की भरतीच्या ओढीनं ताणला जातो, कृष्णविवर ताणलं जात नाही. हा फरक संकेताच्या अगदी शेवटी कळतो, आणि तिथंच उपकरणाचा गोंगाट जास्त. श्वेतबटूची भानगड नाही, तो हजारो किलोमीटरचा, या पट्ट्यात यायच्या आधीच धडकतो.

औंढ्याच्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी मिळाली. भुजा ४ किलोमीटरच्या. तिचा मोठा उपयोग संकेत आकाशात नेमका कुठून आला हे सांगायला. एकटीच्या जोरावर ती हा प्रश्न सोडवणार नाही.

आणि आलेख छापून न्या. प्रदर्शनात लाईट गेली तर लॅपटॉपचा भरवसा नाही.