सुट्टीची तारीख नुसती बंद करून भागतं का?

कटऑफ_बारा (धागाकर्ता)
ऑर्डर घेणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत सुट्ट्यांची एकच यादी असते. तारीख टाकली की कॅलेंडरात ती करडी होते, ग्राहकाला निवडता येत नाही, विषय संपला. माझं म्हणणं असं की ही रचनाच अपुरी आहे. 'त्या दिवशी माल पोचणार नाही' एवढंच त्या यादीतून कळतं. 'त्या दिवशी माल तयारही होणार नाही' हे तिला सांगताच येत नाही.

समजा, तयारीला दोन दिवस लागतात. बुधवारी ऑर्डर आली, तर गुरुवार-शुक्रवार तयारी आणि शनिवारी पोच. आता शुक्रवारी सुट्टी आहे. सॉफ्टवेअर शुक्रवार करडा करतं आणि शनिवार बिनदिक्कत खुला ठेवतं. बुधवारचा ग्राहक शनिवार निवडतो, पैसे भरतो. शुक्रवारी मालाला हात लावायला माणूसच नसतो!

म्हणून तयारीचं कॅलेंडर वेगळं हवं, वाहतुकीचं वेगळं, आणि माल कार्यालयांत जात असेल तर घेणाऱ्याचंही वेगळं. निवडता येण्याजोग्या तारखा या तिन्हींतून हिशोब करून निघाव्यात.

गल्ल्यावरून
आणि ही तीन कॅलेंडरं भरणार कोण? सुट्टीच्या आधीचा आठवडा कसा असतो ते माहीत आहे ना? तेव्हा एक यादी धड भरली गेली तरी नशीब. तुमच्या उदाहरणाला माझं उत्तर सोपं आहे : शुक्रवार बंद, शनिवारही बंद. दोन क्लिक. लहान धंद्याला हिशोब करणारं यंत्र नको असतं, हाताशी स्विच हवा असतो.

कटऑफ_बारा
शनिवार सरसकट बंद केलात की सोमवारी ऑर्डर देणाऱ्यालाही तो मिळत नाही. त्याचा माल तर बुधवारीच तयार होणार होता, शनिवारी गाडीही निघणार होती. ऑर्डर कधी आली हे बंद केलेल्या तारखेला दिसत नाही, आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे. एकच शनिवार एकाला मिळायला हवा आणि दुसऱ्याला नको. तुमचा स्विच हे करू शकत नाही.

गल्ल्यावरून
मान्य, एखाद-दोन ऑर्डरी जातील. पण शब्द दिला आणि पाळला नाही, त्यापेक्षा ते परवडलं.

पंचांगबाह्य
दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की सुट्ट्या आधी माहीत असतात. ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यसंस्कारासाठी १९ सप्टेंबर २०२२ ची सुट्टी जेमतेम नऊ दिवस आधी जाहीर झाली. जपानने ऑलिंपिकसाठी २०२१ च्या काही सुट्ट्या सरकवल्या, पण तो कायदा नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस मंजूर झाला. तोवर पुढच्या वर्षाची छापील कॅलेंडरं तयार होती. संयुक्त अरब अमिरातीत तर जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांचा आठवडाच बदलला : शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. जिथे सुट्टी चंद्रदर्शनावर ठरते, तिथे आदल्या संध्याकाळपर्यंत खात्री नसते.

त्यामुळे बाहेरून आयती यादी ओढून तीन कॅलेंडरं आपोआप भरण्याच्या कल्पनेपासून चार हात लांब राहिलेलं बरं. यादी सूचना म्हणून दाखवा, 'लागू करा' हे माणसानेच दाबावं.

गोदामातून
चर्चा भलत्याच दिवसावर चालली आहे. बंद दिवस आम्हाला त्रास देत नाही, त्याच्या आदला दिवस देतो. शुक्रवार करडा झाला की शुक्रवारचे निम्मे ग्राहक गुरुवार निवडतात, निम्मे शनिवार. ते नाहीसे होत नाहीत. गुरुवारची ऑर्डरींची मर्यादा नेहमीचीच ठेवलीत, तर ती भरल्यावर निदान कॅलेंडर थांबेल. मर्यादाच नसेल तर गुरुवारी रात्री पॅकिंगच्या टेबलावर काय होतं ते येऊन बघा.

मर्यादाही ऑर्डरींच्या संख्येवर लावू नका. एका ऑर्डरीत एक डबा असतो, दुसरीत चाळीस. मोजायचं ते काम. आणि ते तयारीच्या दिवशी मोजायचं, पोचवण्याच्या नव्हे. म्हणजे या एका बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. बाकी तीन कॅलेंडरांचं कौतुक त्यांनाच लखलाभ.

फक्त_वाचक
ग्राहक म्हणून विचारते. करडा चौकोन दिसतो तेव्हा सुट्टी आहे, जागा भरली आहे की मला उशीर झाला आहे, हे कधीच कळत नाही. तिन्हींत मी वेगळं वागेन. जागा भरली असेल तर फोन करून बघेन, सुट्टी असेल तर कशाला करू? कारण लिहायला एवढं काय लागतं?

रात्रपाळी
यात कोड लिहिणाऱ्यांचेही दोन हट्ट. पहिला : सुट्टी नुसती तारीख म्हणून साठवा, वेळ चिकटवू नका. जावास्क्रिप्टला '२०२५-१२-२५' एवढंच दिलं तर ते त्याचा अर्थ यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) मध्यरात्र असा घेतं. यूटीसीच्या मागे असलेल्या देशातल्या ब्राउझरमध्ये मग तीच तारीख २४ दिसते. सुट्टीच्या दिवशी कॅलेंडर खुलं आणि आदल्या दिवशी बंद! कोणता दिवस चालू आहे आणि कटऑफ, म्हणजे ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ, उलटली का, हे दुकानाच्या टाइमझोननुसार ठरवा, ग्राहकाच्या नव्हे.

दुसरा : कॅलेंडरात चौकोन करडा करणं ही फक्त सजावट आहे. ग्राहकाने सकाळी तारीख निवडली, दुपारी तुम्ही ती बंद केली, त्याने रात्री पैसे भरले. पैसे घेण्याआधी सर्व्हरने तारीख पुन्हा तपासली नाही, तर ती ऑर्डर आत येणारच. इथे कॅलेंडर एक असो की तीन.

पंचांगबाह्य
आणि बंद करण्याआधीच आत आलेल्या ऑर्डरींचं काय? तारीख बंद केली की नव्या ग्राहकाला दार बंद होतं, जुन्या ऑर्डरी तशाच बसून राहतात. दर आठवड्याला आपोआप तयार होणाऱ्या ऑर्डरी तर कॅलेंडरला विचारतही नाहीत. 'बंद करा' दाबताच त्या दिवसाच्या सगळ्या ऑर्डरींची यादी समोर आली पाहिजे.

कटऑफ_बारा
आणि सॉफ्टवेअरनेच त्या पुढच्या खुल्या तारखेला सरकवाव्यात, ग्राहकाला संदेश पाठवून.

गल्ल्यावरून
अजिबात नाही! कुणाचा कार्यक्रम शुक्रवारी असतो, त्याला शनिवारी माल देऊन काय उपयोग? त्याला आधीची तारीख हवी असेल किंवा पैसे परत. विचारल्याशिवाय तारीख हलवायची नाही.

गोदामातून
शिवाय 'पुढची खुली तारीख' सगळ्यांची एकच निघते. म्हणजे पुन्हा ढीग, या वेळी शनिवारी.

कटऑफ_बारा
बरं, आठवड्याच्या ऑर्डरी आपोआप सरकवा, कार्यक्रमाच्या विचारून. सरकवतानाही मर्यादा पाळावी. कॅलेंडरांबाबत मात्र मी हटणार नाही, फक्त भरण्याचा त्रास कमी करतो : सुट्टी एकदाच टाकायची, ती तिन्हींकडे लागू. ज्याला वेगळं हवं त्याने त्यातली एखादी खूण काढावी. गाड्या बंद पण पॅकिंग चालू असा दिवस तुमच्याकडेही येत असेलच.

गल्ल्यावरून
येतो, वर्षातून क्वचित. तिन्ही खुणा आधीपासून लावलेल्या असतील तर माझी हरकत नाही. पण अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचं काय? त्या दिवशी आम्ही पोच बंद करत नाही, फक्त कटऑफ दोन तास आधी आणतो. आमच्या सॉफ्टवेअरात कटऑफ सगळ्या दिवसांना एकच आहे.

रात्रपाळी
ती तारखेवार बदलता यायला हवी, आणि त्या दिवसाची मर्यादाही सोबत कमी व्हायला हवी. नुसती कटऑफ अलीकडे आणलीत, तर सकाळच्या चार तासांत पूर्ण दिवसाच्या ऑर्डरी घेऊन बसाल.