सिडनीच्या हॅरिस पार्कात मुलीनं खोली घ्यावी का?

खामल्याची आई
नमस्कार. माझी मुलगी येत्या जुलैत सिडनीला शिकायला जाऊन राहिली. कॉलेज पॅरामाटाला आहे, अन् मैत्रिणीनं शेजारच्या हॅरिस पार्कात खोली पाहून ठेवली. जाऊबाई म्हणतात, तिथे सगळे आपलेच लोक, मग एवढा पैसा घालून परदेशात पाठवायचं काऊन? 2009 मध्ये तिकडे आपल्या पोरांना मारलं होतं, तेही डोक्यातून जात नाही. कोणी राहिलं आहे का तिथे?

मनीषनगरकर
काकू, मी 2008 ते 2011 तिथेच राहिलो. विग्रॅम स्ट्रीटच्या मागे, दोन खोल्यांत सहा जण. एक पलंग दोघांत होता, दिवसा तो झोपायचा, रात्री मी. निघताना घरमालकानं डिपॉझिट परत केलं नाही. तिकडे त्याला बॉन्ड म्हणतात, तो सरकारी खात्यात जमा करायचा असतो. त्याची पावती आणि लेखी करार हातात आल्याशिवाय पोरीनं पैसे देऊ नयेत.

आता जाऊबाईंचं. तिथे निम्म्याच्या आसपास लोक भारतात जन्मलेले आहेत, हे खरं. पण जागा आपल्या फार आधीची आहे. मुळात ती बरामट्टागल या तिथल्या आदिवासी लोकांची. पॅरामाटा हे नावही त्यांचंच, वाम मासे असतात ती जागा. आपल्या नागपूरचं नाव नाग नदीवरून, तसं. मग इंग्रज आले. जेम्स रूस या शिक्षा संपलेल्या कैद्याला 1792 मध्ये तिथे 30 एकर जमीन मिळाली. पुढच्याच वर्षी त्यानं ती जॉन हॅरिस या डॉक्टरला विकली, हॅरिस पार्क हे नाव त्याचं.

त्याच सुमाराचं, 1793 चं एलिझाबेथ फार्म हे घर आजही उभं आहे. मुलीला तिथे जायला नक्की सांगा. नवरा काही वर्षं इंग्लंडात अडकून पडला होता, तेव्हा एलिझाबेथ मॅकार्थर बाईंनी मेरिनो मेंढ्यांचा, लोकरीचा सगळा कारभार सांभाळला. माझे आजोबा आपल्या एम्प्रेस मिलमध्ये, कापडगिरणीत होते. त्या घराच्या ओसरीत उभा होतो तेव्हा तेच आठवत होते. विदर्भाचा कापूस काय, तिथली लोकर काय, दोन्ही जहाजात चढून इंग्लंडच्या गिरण्यांत जायचं.

गोऱ्यांशिवाय इतरांना येऊ न देण्याचं धोरण 1973 मध्ये पुरतं संपलं. 1975 मध्ये लेबनॉनात यादवी पेटली, तसे तिकडचे ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येनं आले. त्यांच्या मॅरोनाइट पंथाचं चर्च तिथे अजून गजबजलेलं असतं. फाळणीनंतर नागपुरात जरीपटक्यात सिंधी लोकांनी दुकानं थाटून पाय रोवले, मला तीच आठवण यायची. आमच्या कोपऱ्यावरच्या लेबनीज आजी माझ्या पिशवीत उरलेल्या रोट्या टाकायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. आमच्यासारखी पोरं नंतरची, विद्यार्थी म्हणून आलेली. जुन्या लाकडी बैठ्या घरांच्या व्हरांड्यांत टेबलं मांडून जी हॉटेलं झाली, ती बरीचशी आपल्या लोकांची.

2009 बद्दल लपवत नाही. रात्रपाळी करून स्टेशनातून घरी चालणाऱ्या पोरांना गाठून मारायचे, लुटायचे. माझ्या खोलीतल्या एकाचा जबडा मोडला. जूनमध्ये आम्ही शेकडो जण रस्त्यावर उतरलो, मीही होतो. घरी आईला मात्र आठवडाभर काही सांगितलं नाही. त्यानंतर आम्ही कामावरून एकमेकांची वाट पाहून सोबतच यायचो.

सदरची मावशी
मी 2019 मध्ये लेकीकडे दोन महिने राहिले. संध्याकाळी विग्रॅम स्ट्रीटला पाय ठेवायला जागा नसते, मला एकटीला भीती वाटली नाही. पण जाऊबाईंचं थोडं मला पटतं. माझी लेक पहिलं वर्ष फक्त तेलुगू-पंजाबी मैत्रिणींतच राहिली, इंग्रजी बोलायला बिचकायची. दुसऱ्या वर्षी तिनं घर बदललं.

मनीषनगरकर
मावशी, बरोबर आहे. ती गाडीतून उतरल्यावरची पहिली जागा आहे, तिथे फार काळ कोणी टिकत नाही. मे 2023 मध्ये मोदी आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज यांनी ‘लिटल इंडिया’च्या कमानीच्या कोनशिलेचं अनावरण केलं, ते पाहून डोळे भरून आले. पण लेबनीज आजींचं दुकान त्या नावात कुठे बसतं, हे मला आजही सुचत नाही.

खामल्याची आई
सगळं मुलीला वाचून दाखवलं. सहा महिने तिथे राहून मग पाहू म्हणते. जुलैत तिकडे हिवाळा ना? रजई इथूनच देऊ का?

मनीषनगरकर
रजई तिथेच घ्या, सामानाचं वजन वाया जातं. घरं आतून गार असतात, दोन जाड स्वेटर मात्र द्या. सावजी मसाला द्यायचा असेल तर पाकीटबंद द्या, आणि विमानतळावरच्या फॉर्मवर खायचं सामान आहे असं तिला लिहायला सांगा.