डॉसचा जुना प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये 'रनटाइम एरर २००' देतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांनी १९९४ साली टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत घरच्या पुस्तकांच्या नोंदीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. एक इएक्सई आणि शेजारी डेटा फाइल, बस्स. सोर्स कोडची फ्लॉपी केव्हाच मेली. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रामला दारातही उभं करत नाही हे कळलं, म्हणून डॉसबॉक्स (विंडोजआधीच्या डॉस यंत्रणेचे प्रोग्राम आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. फोल्डर माउंट केला, नाव टाइप करून एंटर मारलं. स्क्रीन एकदा लुकलुकली, 'रनटाइम एरर २००', आणि परत प्रॉम्प्ट.

फाइल खराब म्हणावी तर दुसऱ्या कॉपीचंही तेच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज एक्सपी टाकून पाहिलं, तिथेही तेच रडगाणं. डॉसबॉक्समध्ये मी एवढाच बदल केलाय की सायकल्स (म्हणजे त्याचा वेग) 'मॅक्स' ठेवल्यात. म्हटलं, जरा पळेल.

प्रतिसाद १
पळतोय म्हणूनच पडतोय! टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारा तयार कोड) सुरू होतानाच मशीनचा वेग मोजतं: टायमरच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरलं ते बघून त्याला ५५ने भागतं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मावायला हवं. आजच्या प्रोसेसरवर मावत नाही. प्रोसेसर मग शून्याने भागल्यावर देतो तीच चूक देतो, तिचा नंबर २००.

व्हर्च्युअलबॉक्सचा इथे उपयोग नाही, कारण त्यात तुमचा खराच प्रोसेसर पूर्ण वेगाने धावतो. डॉसबॉक्स प्रोसेसरची नक्कल करतं, त्यामुळे त्याला हळू चालायला सांगता येतं. कॉन्फिग फाइलमध्ये सायकल्स ३००० करा. आणि हो, आधी डेटा फाइलची कॉपी काढा. माउंट केलेला फोल्डर खराच असतो, तिथे पुसलं ते पुसलंच.

धागाकर्ता
चाललं!! निळा मेनू जसाच्या तसा. 'उसनी दिलेली' उघडलं तर पहिलं नाव माझंच, १९९७ पासून :)
आता 'यादी छापा' दाबलं की नुसतं थांबून राहतं. प्रिंटर तर चालू आहे.

प्रतिसाद २
प्रोग्राम एलपीटी१ (जुन्या प्रिंटरचा पॅरलल पोर्ट) शोधतोय, आणि साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स ही त्याचीच वाढीव आवृत्ती घ्या, त्यात पॅरलल पोर्ट फाइलकडे वळवता येतो. यादी फाइलमध्ये उतरली की विंडोजमधून छापा. सायकल्सचं सेटिंग तिथेही ३०००च ठेवा.